कुठली स्पॅनिश?

"ॲडमिशन नातवासाठी का, काकू?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

तिनं कॉम्प्युटरवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मी साठीला आलेली, नऊवारी नसली तरी सुती पाचवारी नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. चिंचवडहून दोन बस बदलून डेक्कनला आले होते. त्या परदेशी भाषांच्या वर्गाच्या भिंतींवर निळ्या समुद्राची आणि पांढऱ्या घरांची मोठमोठी चित्रं लावलेली होती. बाकावर कॉलेजची मुलं-मुली कानात वायरी घालून बसली होती.

"कशासाठी शिकायचीय? म्हणजे नोकरी, व्हिसा, पुढचं शिक्षण... त्याप्रमाणे बॅच ठरते."

"बोलायला."

"कुणाशी?"

इथं मी अडखळले. नवऱ्याशी, असं म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. "प्रवासाला जायचंय," मी म्हणाले. आयुष्यभर पहिलीच्या पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई मी, पण वेळ निभावून नेली.

मुलगी चांगली होती. तिनं मला त्याच दिवशीच्या एका वर्गात शेवटच्या बाकावर बसून बघायला सांगितलं. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, रेवती कुलथे त्यांचं नाव. आवाज स्वच्छ, अक्षर गोल. त्या दिवशी मुलं एकमेकांना वस्तुसंग्रहालयाचा रस्ता विचारत होती. डावीकडे वळा, सरळ जा, चौकात कारंजं आहे. तास संपल्यावर मी त्यांना गाठलं.

"बाई, 'दुखतंय का' हे कधी शिकवता?"

"शरीराचे अवयव सहाव्या धड्यात येतात. साधारण तीन महिन्यांनी."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी ओळख, कुटुंब, हॉटेल, रस्ता." त्या हसल्या. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो तोवर माझ्या डोक्यातही आला नव्हता. "तुम्हाला कुठली स्पॅनिश हवीय? स्पेनची, की तिकडची, दक्षिण अमेरिकेची? आम्ही इथं स्पेनची शिकवतो. तुम्ही जाणार कुठं?"

मला उत्तर माहीत होतं. "गुआयाकिल," मी म्हणाले.

त्यांच्या भुवया वर गेल्या. स्पॅनिश शिकायला आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडून त्यांनी स्पेनमधल्या एखाद्या शहराचं नाव ऐकलं असेल. एक्वाडोरमधल्या त्या बंदराचं नाव ऐकलं नसावं. पण मी जास्त काही बोलले नाही. विचार करून सांगते, म्हणाले आणि बस पकडली.

आमचं घर रत्नागिरीजवळच्या पूर्णगडचं. मी तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आमचे हे, दत्ताराम नागवेकर, जहाजावर इंजिनातले फिटर. केळी वाहणाऱ्या कंपनीची जहाजं होती ती. गुआयाकिलला केळी भरायची आणि जगभरच्या बंदरांत उतरवायची. बहुतेक सगळे खलाशी तिकडचेच. हे वर्षातले नऊ-दहा महिने तिकडे आणि उरलेले घरी. घरी आले की अंगणात खुर्ची टाकून बसायचे. "शाळा काय म्हणते?" विचारायचे. "बरी आहे," मी सांगायचे. आमचा संसार असा होता. भांडण कधी झालं नाही, कारण भांडायलाही थोडंफार बोलावं लागतं.

कायमचे घरी आले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलं. मुलगा तुषार चिंचवडला गाडीच्या कारखान्यात इंजिनिअर. तो आम्हा दोघांना तिकडे घेऊन आला. महिनाभर हे नुसते डोळ्यांनी बोलत होते. मग एका सकाळी, मी चहा भरवत असताना, तोंडातून शब्द निघाले. एकामागून एक, वाहत्या नळासारखे. आणि त्यातला एकही आम्हाला कळेना.

तुषारला वाटलं, मेंदूवर परिणाम झाला. योगायोगानं त्याच आठवड्यात अब्बास तांडेलचा फोन आला. हर्णैचे अब्बासभाई ह्यांच्याबरोबर एका जहाजावर होते. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. थोड्या वेळानं अब्बासभाई हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा आवाज बदलला.

"वहिनी, हा बडबडत नाही. हा स्पॅनिश बोलतोय. चांगली, सरळ स्पॅनिश."

"काय म्हणतात?"

"मी त्या लाइनवर एकच खेप केली, वहिनी. मला फक्त शिव्या येतात. शिवी एकही दिली नाही त्यानं, एवढं सांगतो."

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं कधीकधी. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाची एखादी भाषा आधी परतते, एखादी मागाहून. का, ते खात्रीनं सांगता येत नाही. मराठी येईलही, धीर धरा. तोवर आम्ही मराठीत काही विचारलं तर तेही ह्यांना फारसं उमगत नव्हतं.

धीर धरायची मला सवय होती. माझी गंमत वेगळीच झाली होती. हा माणूस आयुष्यात माझ्याशी एका दमात पाच वाक्यं बोलला नव्हता. आता तो सकाळी उठल्यापासून बोलत होता. खिडकीकडे बघून बोलायचा, पंख्याकडे बघून बोलायचा, माझ्याकडे बघून तर फारच. एखाद्या ठिकाणी हसायचा आणि मीही हसावं म्हणून थांबायचा. आणि मी काठावर उभी, आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

एक शब्द मात्र सारखा यायचा. मारेओ. व्यायाम करून घ्यायला रोज एक मुलगा यायचा, त्यानं ह्यांना धरून उभं केलं की ह्यांनी डोळे मिटून घ्यायचे, त्याचा दंड घट्ट धरायचा आणि म्हणायचं, "मारेओ... मे मारेओ." जेवायला टेबलाशी बसवलं तरी तेच. आवाज अगदी काकुळतीचा.

तुषारला तो शब्द 'मारिया' ऐकू आला. मग मी बघितलं, बाबांनी तो शब्द काढला की तो टीव्हीचा आवाज वाढवतो. सुनेनं, मृणालनं, एकदा साधेपणानं विचारलं, "हे कुणाचं नाव आहे का?" तर तो जेवणावरून उठून गेला.

रात्रीचं जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "आई, फोनवर रेकॉर्ड करून कुणाकडून तरी अर्थ लावून घेता येईल." एवढं म्हणाला आणि लगेच, "पण नको. जाऊ दे. स्पीच थेरपिस्ट म्हणतात मराठीच बोला त्यांच्याशी, तेच बरं."

"रेकॉर्ड नको," मी म्हणाले. "मी शिकते."

"काय शिकतेस?"

"स्पॅनिश."

मी काय म्हणतेय ते त्याला कळलं असावं. जे काही असेल ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. कुणा तिऱ्हाइतानं आधी ऐकावं, मग शब्द निवडून, चेहरा सांभाळून मला सांगावं, हे नको होतं. बंदराबंदरांतून फिरणारा नवरा ज्यांचा असतो त्या बायका एक शंका पदरात घेऊनच जगतात. आमच्या गावात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मीही कधी बोलले नव्हते. पण आता ती माझ्या घरात टेबलाशी बसून जेवत होती, आणि तिला नाव होतं.

मग शिकायचं कुठं नि कसं, हा शोध सुरू झाला. डेक्कनची ती पहिली फेरी त्यातलीच. मृणालनं माझ्या फोनमध्ये भाषा शिकवणारं काहीतरी घालून दिलं. ते रोज घंटी वाजवून बोलवायचं. आठवडाभरात मला 'माझ्या काकाचा घोडा सफरचंद खातो' हे न चुकता म्हणता यायला लागलं. मी ते ह्यांना म्हणून दाखवलं. ह्यांनी काळजीनं माझ्या कपाळाला हात लावला.

मग निगडीत एक निवृत्त सर घरी शिकवतात असं कळलं. त्यांच्याकडे गेले. सर विद्वान होते. त्यांनी मला क्रियापदांची रूपं लिहिलेला तक्ता दिला. "आधी हे पाठ. वर्षभर बोलायचं नाव काढायचं नाही. पाया पक्का झाला की भाषा आपोआप येते."

"सर, मी पहिलीला शिकवायचे," मी म्हटलं. "पोरं बोलत बोलतच शाळेत येतात. पाया मागाहून घालतो आम्ही."

त्यांना ते आवडलं नाही. मलाही वर्षभर थांबणं परवडणारं नव्हतं.

शेवटी पुन्हा डेक्कनला गेले. रेवतीबाई जिन्यात चहा पीत उभ्या होत्या. ओळखलं त्यांनी. "गुआयाकिलच्या काकू," म्हणाल्या.

"बाई, तुमच्या वर्गात मी बसणार नाही. तुम्ही वर्गाच्या आधी थोडा वेळ मला देऊ शकाल का? मी सांगेन ती वाक्यं मला शिकवायची. तुमच्या धड्याच्या क्रमानं नाही, माझ्या क्रमानं."

"कुठली वाक्यं?"

"दुखतंय का. कुठं दुखतंय. भूक लागली का. झोप लागली का. हळू बोला."

त्यांनी कप खाली ठेवला. "काकू, हा प्रवास नाही वाटत."

मग मी त्यांना सांगितलं. सगळं नाही. नवरा आजारी आहे, त्यांची मराठी गेलीय, स्पॅनिश उरलीय, एवढंच. त्या म्हणाल्या, "मी घरी येऊन बोलू का त्यांच्याशी? मला तर फार उत्सुकता वाटतेय."

"आत्ता नको," मी म्हणाले. माझा स्वर तुटक निघाला असावा. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

रिकाम्या वर्गात आम्ही दोघी बसायचो. मी पहिल्या बाकावर. 'दुखतंय का'ला त्यांनी सांगितलं, "ते दुएले?"

"हे 'तुला' झालं की 'तुम्हाला'?"

"'तुला.' 'तुम्हाला' असेल तर 'ले दुएले'. पण नवरा-बायको तिकडे एकमेकांना 'तू'च म्हणतात, काकू."

"मी 'ले' शिकते," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना 'अहो' म्हणत आले. अर्धांगानं पडलेल्या माणसाला अरे-तुरे करायचं माझ्या जिभेवर येईना.

घरी आले, हात धुतले, ह्यांच्या पलंगाशी बसले. तुषार कामावर होता. ह्यांचा उजवा खांदा चोळता चोळता म्हटलं, "ले दुएले?"

हे एकदम थांबले. माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, चुकलं काहीतरी. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं, शाळेतल्या मास्तरासारखं, आणि ते हलवून म्हणाले, "नो, नो. ते. ते दुएले."

"ते दुएले?" मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी नवऱ्याला 'तू' म्हटलं. चेहरा गरम झाला माझा, त्या वयात.

"उन पोको," हे म्हणाले आणि बोटाच्या चिमटीत दाखवलं. थोडंसं.

त्या दिवसापासून आमची शाळा दोन ठिकाणी भरायला लागली. रेवतीबाईंकडून मी शब्द आणायची आणि हे ते तपासायचे. डोक्याला रेवतीबाईंनी 'काबेथा' शिकवलं होतं. हे ऐकून ह्यांनी जीभ दातांत धरून माझी नक्कल केली आणि म्हणाले, "काबेसा." मी रेवतीबाईंना सांगितलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हो की. तिकडे 'थ' नाही, 'स' म्हणतात. इथून पुढे तुमच्या मिस्टरांचं खरं." मग त्या स्वतःच शोधाला लागल्या, गुआयाकिलकडची माणसं काय म्हणतात, कुठला स गिळतात. मला आवडायचं ते. दोन गावांमधल्या बोलीचा फरक मला कळत होता. राजापूरचं पोर आणि दापोलीचं पोर एकाच बाकावर बसून बोलताना मी ऐकलं होतं.

महिना-दीड महिना गेला असेल. ह्यांना भूक लागली, झोप आली, ऊन लागतंय, हे सगळं मला कळायला लागलं. पण उभं राहायचं म्हटलं की मारेओ होतंच. उलट आता व्यायामाच्या मुलालाच ते नको म्हणायला लागले. तो म्हणाला, "आजी, आजोबा सहकार्य करत नाहीत. असं असेल तर पाय परत यायचे नाहीत." तुषार चिडला. बाबांवर नाही, माझ्यावर. "तू त्यांना त्याच जगात ठेवतेयस, आई. तुला कळत कसं नाही?"

दुसऱ्या दिवशी मी रेवतीबाईंना म्हटलं, "आज एकच वाक्य द्या. 'ती कोण आहे?'"

"'क्येन एस एया?'" त्यांनी सांगितलं. मग वहीवरून वर बघितलं. "हे कुणाबद्दल विचारायचंय, काकू?"

मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "ते एक नाव घेतात. सारखं. मला त्यांनाच विचारायचंय. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला अर्थ सांगाल, आणि तो मला तुमच्याकडून नकोय."

त्यांनी नाव विचारलं नाही. अजून मला त्याचं नवल वाटतं. विचारलं असतं तर एका क्षणात सगळं उलगडलं असतं. पण त्या मुलीनं माझ्या मर्जीचा मान ठेवला. फक्त एवढं म्हणाल्या, "नाव माहीत असेल तर 'एया' नको. 'क्येन एस' म्हणा आणि पुढे नाव."

बसमध्ये मी ते दोन शब्द घोळवत आले. घरी पोचले तेव्हा मृणाल स्वयंपाकघरात कणीक मळत होती. हे खिडकीशी खुर्चीत. मी समोर स्टूल ओढून बसले. पदर सावरला, शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा सावरायचे तसा.

"क्येन एस मारेओ?"

ह्यांनी ऐकलं. कपाळाला आठी पडली. "क्येन?"

"सी. क्येन एस मारेओ?"

आणि मग हे हसायला लागले. आजारी पडल्यापासून असे हसले नव्हते. अंग गदगदा हलत होतं, अर्धा चेहरा हसत होता आणि अर्धा तसाच, डोळ्यांतून पाणी. मृणाल कणकेचे हात घेऊन बाहेर आली. मी ताठ बसून होते. मला इतका राग आला होता की उठून जावं असं वाटलं.

त्यांनी डावा हात वर केला. बोट डोक्याजवळ नेलं आणि गोल गोल फिरवलं. "ला काबेसा," म्हणाले. मग तोच हात खोलीभर फिरवला, भिंतीवरून, छतावरून, माझ्यावरून. डोळे मिटले आणि खुर्चीत एका बाजूला झुकून दाखवलं. "मे मारेओ."

'काबेसा' मला येत होतं. उरलेलं शिकायची गरज पडली नाही.

"आई," मृणाल म्हणाली, "बाबांना चक्कर येतेय का?"

मी ह्यांचा हात धरून बसले. मी गुआयाकिलच्या कुठल्या तरी गल्लीतली एक बाई मनात उभी केली होती. तिला केस दिले होते, हसणं दिलं होतं. ती खोलीतून निघून गेली आणि तिच्या जागी माझा नवरा उरला, ज्याला उभं केलं की जग फिरत होतं आणि जो ते रोज सगळ्यांना सांगत होता.

संध्याकाळी तुषारला सांगितलं. तो वडिलांजवळ जाऊन बसला, आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांचा रक्तदाब झोपवून मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर तो फारच खाली येत होता. गोळी बदलली. पंधरवडा गेला नसेल, हे व्यायामाच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून दारापर्यंत चालले. दारात थांबून, आभार मानत, त्याला "ग्रासियास" म्हणाले. त्या मुलानंही "ग्रासियास" म्हटलं.

त्यानंतर मी स्वतःच रेवतीबाईंना घरी बोलावलं. त्या आल्या, ह्यांच्यासमोर बसल्या आणि दोघांची अशी काही गट्टी जमली की मला बघायलाही मजा वाटली. हे हातवारे करत सांगताहेत, त्या हसताहेत, मध्येच काही विचारताहेत. मधून मधून त्या माझ्याकडे वळून सांगायच्या, "काकू, हे म्हणतात, जहाजावर वादळात केळ्यांचे घड..." मी म्हटलं, "थांबा. अर्धं कळलं मला. उरलेलं कळेल तेव्हा कळेल." ह्यांना ते वाक्य कळलं नसावं, पण त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

मराठी हळूहळू परत आली. आधी 'चहा', मग 'तुषार', मग 'नको'. दिवाळीनंतर आम्ही पूर्णगडला परतलो. मराठीत हे पूर्वीसारखेच होते. "भात झाला?" "झाला." पण दुपारची झोप झाली की खुर्ची अंगणात न्यायला सांगायचे, मला समोर बसवायचे आणि स्पॅनिशमध्ये सुरू व्हायचे. तिथं मी 'तू' होते आणि तेही 'तू' होते. शेजारच्या कमलताई कुंपणावरून ऐकायच्या. "काय गो हेमलता, काय बोलता दोघं?" "ते सांगतात, मी ऐकते," मी म्हणायची.

एकदा आम्ही खाडीच्या धक्क्यापर्यंत गेलो होतो. ह्यांच्या हातात काठी होती. खाडीच्या तोंडापलीकडे, अगदी लांब, एक मोठं जहाज चाललं होतं, हलतंय की नाही कळू नये इतकं लांब. हे ते बघत राहिले. मग जहाजावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओहाला ते उबियेरा येवादो."

मला त्यातलं एक 'ते' कळलं. 'तुला.' म्हणजे जे काही आहे ते माझ्याबद्दल आहे. 'पुन्हा सांग' कसं म्हणायचं ते मला येत होतं, पण त्यांचा चेहरा असा होता की पुन्हा विचारवेना. मी म्हणाले, "सी."

त्यांनी समाधानानं मान हलवली, आणि आम्ही घरी परतलो. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

ते वाक्य माझ्याकडे राहिलं. शब्द मला ठाऊक नव्हते, नुसता आवाज ठाऊक होता, पण तो मी इकडचा तिकडे होऊ दिला नाही. भांडी घासताना, दिवा लावताना म्हणून बघायची. रेवतीबाईंना फोन केला असता तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. तुषारच्या फोननंही सांगितलं असतं. पण ते मला उद्देशून होतं, आणि मी 'हो' म्हणून बसले होते. ज्याला मी 'हो' म्हटलं ते काय होतं, तिथवर मला माझ्या पायांनी जायचं होतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी तुषारकडे गेले आणि डेक्कनच्या वर्गात नाव घातलं. ह्या वेळी काउंटरवर दुसरी मुलगी होती. तिनंही विचारलं, कशासाठी शिकायचीय. "पूर्ण शिकायचीय," मी म्हणाले. पहिल्या धड्यापासून बसले, कॉलेजच्या मुलांबरोबर. ओळख, कुटुंब, हॉटेल, कारंज्यापासून डावीकडे वळा. परीक्षा दिल्या. माझे 'स' तिकडचे होते, म्हणून मुलं मला गमतीनं 'सेन्योरा गुआयाकिल' म्हणायची. घरचा अभ्यास कधी चुकवला नाही. निगडीच्या सरांचा तो तक्ता सुद्धा काढला आणि पाठ केला. सर म्हणत होते त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे एका सकाळी रेवतीबाईंनी फळ्यावर नवीन रूप लिहिलं. जे घडायला हवं होतं पण घडलं नाही, आणि आता घडायची वेळ निघून गेली, त्यासाठी भाषेत वेगळं क्रियापद असतं, असं त्यांनी समजावलं. खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: उबियेरा. आणि त्याच्या आधी, 'असं झालं असतं तर किती बरं', त्यासाठी एकच शब्द: ओहाला.

मी फळ्याकडे बघत राहिले. उरलेला शब्द मला पहिल्या वर्षापासून येत होता. 'येवार', म्हणजे बरोबर नेणं.

"कुणी वाक्य करून दाखवतं?" रेवतीबाईंनी विचारलं. मुलांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला.

"ओहाला ते उबियेरा येवादो," मी म्हणाले.

"छान. मराठीत?"

"तुला बरोबर नेलं असतं तर किती बरं झालं असतं."

रेवतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला खडू फळ्याला टेकलेला तसाच राहिला. हे वाक्य मी कुठून आणलं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या माणसाशी त्या एक दुपारभर बोलल्या होत्या.

"बरोबर आहे, काकू," त्या म्हणाल्या. आणि फळ्याकडे वळून त्यांनी ते वाक्य लिहून काढलं, मुलांनी उतरवून घ्यावं म्हणून.